बीटलचा डिस्ट्रिब्युटर परत बसवला आणि टायमिंग जुळेना: आधी खालची शाफ्ट बघा

तुमचा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात असं झालंय की १६०० सीसीचं एअर-कूल्ड फोक्सवॅगन बीटलचं इंजिन, डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) बुडाशी ऑइल दिसत होतं म्हणून तो काढला, हात घातलाच आहे तर खालची ड्राइव्ह शाफ्टपण काढून साफ केली, सगळं परत बसवलं आणि आता स्टार्टर मारला की कार्बोरेटरमधून फटका येतो. चुकून चालू झालंच तर गुदमरत चालतं, आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, आणायला डिस्ट्रिब्युटर फिरवत नेला तर त्याच्या बाजूचा व्हॅक्युमचा डबा (इंजिनाच्या ओढीने टायमिंग पुढेमागे करणारा) अडतो. म्हणून विचारताय की डिस्ट्रिब्युटर गेला का, नवीन घेऊ का.

नका घेऊ, निदान आत्ता तरी. काढायच्या आधी गाडी चालत होती ना, मग डिस्ट्रिब्युटर एका दुपारात बिघडत नसतो. खरं सांगायचं तर या इंजिनात डिस्ट्रिब्युटर स्वतः चुकीचा बसूच शकत नाही, कारण त्याच्या खालच्या टोकाला जी जीभ असते ती मधोमध नसून एका बाजूला सरकवलेली असते आणि ड्राइव्ह शाफ्टची खोबणही तशीच एका बाजूला, त्यामुळे एकाच तऱ्हेने आत जातो. ऑइल गळत होतं त्याला बाहेरची रबरी ओ-रिंग बदलली की झालं. चुकते ती खालची शाफ्ट, नाहीतर आपण ज्याला टीडीसी (पिस्टन अगदी वर असतो तो बिंदू) समजतो ते टीडीसीच नसतं. तुमच्या केसमध्ये माझा संशय पहिल्यावर जास्त आहे पण दुसरं आधी तपासा, कारण टीडीसी चुकीचं असेल तर शाफ्ट कशीही बसवा, पुढचं सगळं त्याच चुकीवर उभं राहणार.

पुलीवरची खाच म्हणजे टीडीसी, हे डोक्यातून काढून टाका. या इंजिनांच्या पुल्या वर्षानुवर्षं बदलत गेल्या, कुणावर एक खाच, कुणावर दोन, कुणावर तीन, आणि एकच खाच असली तर ती टीडीसीच्या आधी साडेसात डिग्रीची असू शकते, शून्याची असू शकते, किंवा टीडीसीनंतर ५ डिग्रीची असू शकते. त्यात गेल्या पन्नास वर्षांत कुणी कुठली पुली कुठल्या इंजिनावर चढवली हे कोण सांगणार. मी सुरुवातीच्या काळात दोन अख्ख्या संध्याकाळी एका गाडीवर घालवल्या, टायमिंग लॅम्पने अगदी बरोब्बर दिसायचं पण गाडी चढाला मेल्यासारखी, आणि शेवटी कळलं की मी जिला शून्य धरत होतो ती नंतरच्या पाच डिग्रीची खाच होती.

तर टीडीसी असं शोधा. आधी सिलिंडर नंबर पक्के करा, कारण इथेही लोक गोंधळतात. गाडीच्या मागे इंजिनाकडे तोंड करून उभे राहा, उजव्या हाताला पुढचा म्हणजे फ्लायव्हीलकडचा नंबर १ आणि तुमच्या जवळचा २, डाव्या हाताला पुढचा ३ आणि जवळचा ४. चारही प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं. फिरवायला जनरेटरच्या पुलीच्या नटाला २१ चा पाना लावा, नाहीतर खाली क्रँक पुलीच्या बोल्टला ३० चा. दिशा नेहमी घड्याळाची, मागून बघताना. उजव्या बाजूचं व्हॉल्व्ह कव्हर उघडून १ नंबरचे दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) बघत बघत फिरवा. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह मिटत आलाय आणि इनलेटचा उघडायला लागलाय अशी एक जागा येईल, तिथे दोन्ही रॉकर एकमेकांविरुद्ध डुलतात, ते टीडीसी आहे पण चुकीचं टीडीसी. तिथून क्रँक अजून एक पूर्ण फेरा द्या. आता १ नंबरचे दोन्ही रॉकर बोटाने हलवले तर किंचित खुळखुळतात, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद, हे कॉम्प्रेशनचं टीडीसी. खात्री हवी असेल तर डावीकडचं कव्हरपण उघडा, त्या क्षणी ३ नंबरचे रॉकर डुलत असले पाहिजेत, कारण फायरिंग ऑर्डर १-४-३-२ आहे आणि १ चा जोडीदार ३. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून दाब बघायचीपण पद्धत आहे पण १ नंबरचा प्लग पत्र्याखाली इतका आत असतो की अंगठा नीट पोचत नाही, मला रॉकरची पद्धत जास्त भरवशाची वाटते.

हे झालं अंदाजे टीडीसी. टीडीसीला पिस्टन काही डिग्री जागेवरच थांबल्यासारखा असतो, त्यामुळे नुसत्या डोळ्याने नेमका वरचा बिंदू सापडत नाही. नेमका हवा असेल तर पिस्टन टीडीसीपासून बराच खाली असताना प्लगच्या भोकातून पिस्टन स्टॉप घट्ट बसवा आणि क्रँक हळूच फिरवा, पिस्टन त्याला टेकला की क्रँककेसच्या दोन अर्ध्यांच्या सांध्यासमोर पुलीवर एक खूण करा, मग उलट दिशेने फिरवून दुसऱ्या बाजूने टेकला की दुसरी खूण, दोन्हींच्या बरोबर मधोमध खरं टीडीसी. हळू करा हां, स्टार्टर लावायचा नाही, पिस्टनला भोक पडेल. मग तिथे पांढरा रंग लावा. आता डिग्रीच्या खुणा: पुलीच्या कडेभोवती कागदाची पट्टी गुंडाळून परीघ मोजा, त्याला ३६० ने भागा, जे मिलिमीटर येतील ते एका डिग्रीचे. टीडीसीच्या आधीच्या खुणा टीडीसीच्या उजवीकडे येतात आणि नंतरच्या डावीकडे, कारण पुलीचा वरचा भाग डावीकडून उजवीकडे जातो आणि जी खूण आधी सांध्यासमोर यायची ती पुढे असणार. टीडीसीच्या आधी साडेसात आणि तीस अशा दोन खुणा करून ठेवा, दोन्ही लागणार आहेत. टीडीसीच्या बरोबर समोरासमोर पुलीच्या दुसऱ्या बाजूलाही एक रंग लावला तर ते २ आणि ४ चं टीडीसी, कधीतरी उपयोगी पडतं.

आता शाफ्ट. इंजिन १ नंबरच्या कॉम्प्रेशन टीडीसीला ठेवून डिस्ट्रिब्युटर उचला. त्यासाठी क्रँककेसवरचा १३ चा नट काढायचा, म्हणजे क्लॅम्पसकट डिस्ट्रिब्युटर वर येतो, डिस्ट्रिब्युटरला आवळणारा क्लॅम्पचा बोल्ट सैल करायची गरज नाही. आत बॅटरी मारून बघा. टाइप १ च्या इंजिनात, म्हणजे बीटलच्या, शाफ्टची खोबण क्रँककेसच्या सांध्याला काटकोनात आडवी दिसली पाहिजे आणि खोबणीमुळे वरच्या तोंडाचे जे दोन तुकडे होतात, एक मोठा एक छोटा, त्यातला छोटा तुकडा पुलीकडे म्हणजे तुमच्याकडे असला पाहिजे. टाइप ३ च्या इंजिनात हा कोन वेगळा असतो, त्यामुळे तिथलं चित्र बघून इथे बसवू नका. तुमच्याकडे डबा अडतोय म्हणजे बहुतेक खोबण तिरकी दिसेल, एखादा दात चुकलेला. छोटा तुकडा फ्लायव्हीलकडे दिसला तर शाफ्ट १८० ने उलटी बसलीय.

१८० ने उलटी असेल तर कॅपवरच्या वायरी समोरासमोर बदलून गाडी चालते, हे खरंय, आणि कुणीतरी तुम्हाला हा सल्ला देणारच. मी देत नाही. डिस्ट्रिब्युटरच्या कडेवर १ नंबरची जी खाच असते ती मग खोटी बोलायला लागते आणि पुढच्या वेळी जो कुणी उघडेल, कदाचित तुम्हीच, तो पुन्हा त्याच चक्करमध्ये पडतो.

शाफ्ट काढायची म्हणजे आधी फ्युएल पंप काढावा लागतो, त्याखालचा प्लॅस्टिकसारखा फ्लँजचा ठोकळा आणि त्यातला पुशरॉडपण. याच शाफ्टवरच्या फुगीर भागावर तो रॉड चालतो, तो जागेवर असताना शाफ्ट वर येत नाही, आणि लोक पक्कड लावून ओढत बसतात. मग खोबणीच्या मधल्या भोकातली स्प्रिंग काढून बाजूला ठेवा. काढताना हरवते आणि बसवताना विसरते अशी ही स्प्रिंग आहे, ती शाफ्टला खाली दाबून धरते आणि ती नसेल तर शाफ्ट वरखाली हलून टायमिंग थरथरतं. तुम्ही साफसफाई केलीत तेव्हा ती परत घातली होती का, तेवढं आठवून बघा. शाफ्ट उचलायला भोकात घट्ट बसेल अशी लाकडी दांडी दाबून बसवा आणि फिरवत फिरवत वर घ्या, दात तिरपे आहेत त्यामुळे सरळ येणारच नाही.

आता सगळ्यात जपायची गोष्ट. शाफ्टच्या खाली दोन पातळ स्टीलचे वायसर असतात, तेलाने कधी शाफ्टच्या बुडाला चिकटून वर येतात, कधी खालीच राहतात. शाफ्ट अर्धी वर आली की थांबून बघा. एक जरी सुटून भोकाच्या कडेने क्रँककेसमध्ये पडला तर तो तिथे सोडून इंजिन चालू करायचं नाही, म्हणजे नाहीच. माझा एकदा पडला होता, चुंबक लावलेल्या लवचिक दांडीने दीड तास चाचपडून निघाला, नशीब समजा, नाहीतर इंजिन उतरवून केस फोडायची वेळ होती. परत घालताना सरळ वरून टाकू नका. एक लांब बारीक स्क्रू ड्रायव्हर भोकात मधोमध उभा धरा, खालच्या बैठकीच्या भोकात त्याचं टोक जाऊ दे, आणि वायसर त्यावरून एकेक सरकवत खाली सोडा, म्हणजे बाजूला जायला वावच नाही. दोन गेले, दोन्ही सपाट बसले, बॅटरी मारून बघितलं, मगच स्क्रू ड्रायव्हर काढा. तुम्ही मागच्या वेळी दोन मोजले होते का? नसतील तर आत्ता मोजा, एकच असेल तर दुसरा शोधायलाच लागेल.

शाफ्ट खाली जाताना दातांच्या तिरकेपणामुळे फिरते, म्हणून हवी त्या जागेला धरून सरळ सोडली तर बसल्यावर दुसरीकडेच बघत असते. किती फिरते ते एकदा बसवून बघा आणि तेवढं आधीच मागे धरून पुन्हा सोडा. दोनतीन प्रयत्न लागतात, सगळ्यांनाच. पण प्रत्येक वेळी उचलताना ते वायसर! शेवटी खोबण आडवी, छोटा तुकडा पुलीकडे, आणि शाफ्ट पूर्ण खाली टेकलेली. क्रँक मध्ये हलला नाही ना तेही पुलीवर बघा.

स्प्रिंग घाला, नवीन ओ-रिंगला थोडं ऑइल लावा, डिस्ट्रिब्युटर आत सोडा आणि रोटर हाताने डावीउजवीकडे हलवत दाबा, जीभ खोबणीत गेली की टक्क करून खाली बसतो. वर राहिला तर नट आवळून खाली खेचायचा नाही, जीभ नाहीतर शाफ्ट मोडते. आता रोटर डिस्ट्रिब्युटरच्या कडेवरच्या खाचेकडे बघत असेल, किंवा डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवला की बघेल. काहींमध्ये रोटरखाली धुळीचं प्लॅस्टिक झाकण असतं, ते काढल्याशिवाय खाच दिसत नाही. रोटर खाचेच्या बरोबर विरुद्ध बघत असेल आणि शाफ्ट तुम्ही नीट बसवली असेल, तर डिस्ट्रिब्युटर कधीतरी उघडून जोडताना खालची जीभच उलटी पिनने बसवलीय. क्वचित दिसतं पण दिसतं. खाचेसमोर कॅपचं जे टोक येतं ते १, आणि तिथून घड्याळाच्या दिशेने १-४-३-२, कारण रोटर त्याच दिशेने फिरतो.

इथून पुढे टायमिंग, पण त्याच्याआधी पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले उघड-मिट होऊन ठिणगी पाडणारे संपर्क. हा क्रम उलटा करणारे खूप बघितलेत. पॉइंटचा गॅप वाढवला की ते लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जातं (ठिणगी लवकर पडते), कमी केला की मागे येतं, म्हणजे टायमिंग लावून मग गॅपला हात लावला की लावलेलं सगळं पाण्यात. पॉइंटची टाच कॅमच्या उंचवट्यावर असताना फिलर गेजने ०.४ मिलिमीटर ठेवा. ड्वेल मीटर (पॉइंट किती डिग्री मिटलेले राहतात ते दाखवणारा) असेल तर उत्तमच, साधारण ५० डिग्री धरा. पॉइंट जुने आणि एका बाजूला टेकडी दुसऱ्या बाजूला खड्डा झालेले असतील तर फिलर गेज खोटं माप देतं, त्यापेक्षा बदला. कॅमला अगदी थोडं ग्रीस आणि रोटरखालच्या फेल्टला ऑइलचा एक थेंब, जास्त नाही, जास्तीचं पॉइंटवर उडतं. टॅपेटचा, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधला, गॅपपण थंड इंजिनावर ०.१५ मिलिमीटर बघून घ्या, कव्हर उघडीच आहेत.

आता कुठला आकडा लावायचा ते तुमचा डिस्ट्रिब्युटर कुठला आहे त्यावर ठरतं, गाडीच्या वर्षावर नाही. डब्याला दोन नळ्या असलेला, १९७० च्या दशकातला, तो टीडीसीनंतर ५ डिग्रीला आयडलिंगवर लावायचा आणि दोन्ही नळ्या जोडलेल्या ठेवून. एकच नळीचा, जो व्हॅक्युमने फक्त पुढे जातो, तो टीडीसीच्या आधी साडेसातला, नळी काढून तिचं तोंड बंद करून. आणि डबाच नाही, फक्त आतल्या, वेग वाढला की बाहेर सरकणाऱ्या वजनांवर चालणारा, अंगावर बॉशचा ०२३१ १७८ ००९ नंबर, तो प्रसिद्ध ००९, त्याला आयडलिंगचा आकडा बघतच नाही, रेस वाढवून वजनं पूर्ण उघडल्यावर २८ ते ३२ डिग्रीच्या मध्ये येतो का ते बघायचं, साधारण ३००० च्या वर नेलं की खूण जागेवर थांबते. तुमच्याकडे डबा आहे म्हणजे पहिल्या दोनातला एक, नळ्या मोजा. (००९ बद्दल माझं मत म्हणाल तर रस्त्यावरच्या साध्या गाडीला नको, पेडल दाबताक्षणी व्हॅक्युमची मदत नसल्यामुळे गाडी क्षणभर अडखळते आणि लोक त्याचं कारण कार्बोरेटरमध्ये शोधत बसतात.)

पहिल्यांदा चालू करायला टेस्ट लॅम्पने लावा, इंजिन बंद ठेवून. एकच नळीवाला असेल तर पुली घड्याळाच्या दिशेने फिरवत साडेसातच्या खुणेवर आणा, रोटर १ कडे. खूण ओलांडली तर नुसतं मागे आणू नका, दातांमध्ये जो ढिलेपणा असतो तो उलट बाजूला जातो, पाव फेरा मागे जाऊन पुन्हा पुढून या. टेस्ट लॅम्पची एक वायर कॉइलच्या १ नंबरच्या टोकाला, म्हणजे जिथून वायर डिस्ट्रिब्युटरला जाते, आणि दुसरी अर्थला. इग्निशन ऑन. क्लॅम्पचा बोल्ट इतकाच सैल करा की डिस्ट्रिब्युटर हाताने जोर लावून फिरेल. घड्याळाच्या दिशेने फिरवा, लॅम्प विझेपर्यंत, म्हणजे पॉइंट मिटले. मग उलट दिशेने हळू हळू, अगदी केसाएवढं, आणि लॅम्प लागला त्या क्षणी थांबा. तीच ठिणगीची जागा. आवळा, आणि आवळताना सरकलं का ते पुन्हा बघा, कारण सरकतं. हे करताना इग्निशन उगाच दहा मिनिटं ऑन ठेवू नका, पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापते. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्युल घातलं असेल तर ही लॅम्पची पद्धत सोडा, अंदाजे लावून चालू करा आणि स्ट्रोबने, म्हणजे टायमिंग लॅम्पने, लावा.

दोन नळ्यावाल्याला चालू करण्यापुरतं शून्यावर लावलं तरी चालतं, मग नळ्या जोडून स्ट्रोबने टीडीसीनंतरच्या पाचवर आणायचं. स्ट्रोब १ नंबरच्या वायरला. पुढे न्यायचं तर घड्याळाच्या उलट, मागे आणायचं तर घड्याळाच्या दिशेने. आयडलिंगवर जुळलं की कुठलाही डिस्ट्रिब्युटर असो, एकदा नळ्या काढून, तोंडं बंद करून, रेस वाढवून वरचा आकडा बघाच. तीसच्या आसपास थांबायला हवा. आयडलिंगवर बरोबर पण वर ३८ जातोय असं झालं तर आतली वजनं किंवा स्प्रिंग ढिल्या झाल्यात, आणि मग मी आयडलिंगचा आकडा सोडून देतो आणि वरचा सांभाळतो. एअर-कूल्ड इंजिनात पाण्याचं तापमान दाखवणारा काटा नाही आणि पंख्याच्या आवाजात नॉकिंग ऐकूच येत नाही, कळतं तेव्हा पिस्टन गेलेला असतो. फार मागे ठेवलं तरी सुटका नाही, गाडी जड चालते आणि हेड तापतात.

स्ट्रोबखाली खूण नाचत असेल तर रोटरखालची शाफ्ट बोटांनी आडवी हलवून बघा, चांगलीच हलली तर बुशिंग झिजलंय आणि तेव्हा मात्र डिस्ट्रिब्युटर दुरुस्तीला किंवा बदलायला लागेल. अजून एक, जुन्या काही डिस्ट्रिब्युटरमध्ये ३ नंबरचं टायमिंग कंपनीनेच मुद्दाम काही डिग्री मागे ठेवलं होतं, कारण ऑइल कूलर पंख्याच्या आवरणात डावीकडे बरोबर त्या सिलिंडरच्या हवेच्या वाटेत उभा असायचा आणि ३ नंबर जास्त तापायचा. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाहेर वेगळ्या घरात नेला. म्हणून टायमिंग १ वरच लावा, आणि ३ वर स्ट्रोब लावून फरक दिसला तर लगेच घाबरू नका.

व्हॅक्युमचा डबा तपासायचा असेल तर नळी तोंडात धरून ओढा, आतली प्लेट सरकली आणि जीभ लावून धरल्यावर तिथेच थांबली तर पडदा शाबूत.

नवीन पॉइंट घातले असतील तर साधारण पाचशे किलोमीटरनंतर गॅप परत बघा, टाच सुरुवातीला भरभर झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे येतं. आणि आधी ती खोबण कुठे बघतेय ते बघून सांगा, क्रँक १ च्या टीडीसीला असताना वरून काढलेला एक फोटो असला तर उत्तम, आणि वायसर किती निघाले तेही.